पाहुण्यांचं वेगळं, घरचं वेगळं

भिंतीत बसवलेल्या त्या पांढऱ्या डबीला सासूबाईंनी, रंगूबाईंनी, हळद-कुंकू लावलं, तेव्हाच वैभवीच्या लक्षात आलं, की हे काम आता आपल्या हातून गेलं.

डबी वायफायची. लाइटच्या बोर्डाएवढी, बोर्डाच्याच शेजारी, त्याच्यासारखीच भिंतीत गाडलेली. बाहेर दिसतो तो नुसता पांढरा चेहरा आणि त्यात मोहरीएवढा निळा दिवा. शेलूबाजारला हायवेला लागून तिच्या सासऱ्यांनी, जानरावांनी, मंगल कार्यालय बांधलं. खाली हॉल, मागं दोन्हीकडच्या वऱ्हाडाच्या खोल्या, वर घरच्यांचं राहणं. बांधकाम असं दणकट, की एका खोलीतलं नेट दुसऱ्या खोलीत पोचेना. म्हणून खोलीगणिक भिंतीत एकेक डबी, आणि सगळ्या डब्यांच्या तारा छतातल्या पाइपांतून जिन्याखालच्या कपाटात आणलेल्या. त्या कपाटातल्या खोक्यातून एकाच तारेनं डबीला नेटही मिळायचं आणि वीजही.

ही सगळी कल्पना वैभवीची. वाशिमला बीसीए झालेली, लग्नाआधी पुण्यात एका कंपनीत हेच नेटचं जाळं सांभाळायचं काम केलेली. प्लास्टरच्या आधी पाइप टाकून घेतले तेही तिनंच, सातव्या महिन्याचं पोट घेऊन, कच्च्या जिन्यावरून वर-खाली करत. मिस्त्री तिच्याकडं न पाहता तिच्या नवऱ्याला विचारायचा, "हरीओमभाऊ, हा पाइप कोठून घेऊ?" आणि हरीओम वैभवीकडं पाहायचा. ती सांगायची, हरीओम तेच पुन्हा मिस्त्रीला सांगायचा. तेव्हा तिला हसू यायचं. आता आठवलं तरी दात आवळले जातात.

तर अक्षय तृतीयेला उद्घाटन. अकोल्याहून आलेल्या माणसानं डब्या बसवून दिल्या, तारा जोडून दिल्या आणि सेटिंग बाकी ठेवून तो आपल्या गाडीत सामान भरू लागला. त्याला त्याच दिवशी दुसरीकडं जायचं होतं. वैभवी म्हणाली, "बाबा, मला अर्धा तास द्या. पाहुण्यांचं नेट वेगळं करते, घरचं वेगळं. नाहीतर खाली आलेला कोणीही माणूस आपल्या घरातल्या टीव्हीपर्यंत, कॅमेऱ्यापर्यंत पोचतो."

"अर्धा तास?" रंगूबाई नारळ हातात घेऊन उभ्या होत्या. "मुहूर्त का तुयासाठी थांबून राहीन वं बाई?"

"वैनी, आधी चालू तं करू," दीर म्हणजे प्रज्वल म्हणाला. डिप्लोमा अर्धवट सोडलेला, पण घरात फोनमधलं सगळं त्यालाच कळतं असं ठरलेलं. "सेटिंग काय, कवाही मारता येते."

नारळ फुटला, खोक्याचं बटण दाबलं, खोल्याखोल्यांतून निळे दिवे लागले. रंगूबाईंनी डबीडबीपुढं जाऊन हळद-कुंकू वाहिलं, हात जोडले. पंगत उठल्यावर वैभवीनं प्रज्वलकडं फोन मागितला; डब्यांची किल्ली अकोल्याच्या माणसानं त्याच्याच फोनात टाकून दिली होती. "सेटिंग बदलते. पाच मिनिटं दिवे बंद होतील, मग आपोआप लागतील."

"बंद?" रंगूबाई हातातलं ताट ठेवून उठल्याच. "पेटली जोत इझवतात का कोनी? सव्वा महिना इझवायची नाही म्हंजे नाही."

"आई, ती जोत नाही. मशीन आहे."

"मले नको शिकवू. पोळ्याच्या वक्ताले ट्रॅक्टरची पूजा करतो आपन, ते काय मशीन नाही?"

सगळे हसले. जानराव मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, "राहू दे नं बेटा. सव्वा महिना म्हंजे काय लय असते?" आणि तिथं ते संपलं. हरीओम? हरीओम आचाऱ्याचा हिशेब... नाही, हिशेबाचं निमित्त. तो उठून स्वयंपाकघराकडं गेला.

मग प्रज्वलनं आपल्या हुशारीनं, दिवे न विझवता जमेल तेवढं करत, अख्ख्या कार्यालयाला एकच नाव आणि एकच पासवर्ड दिला: susvagatam. पाहुण्यांनी सारखं विचारू नये म्हणून जानरावांनी तो पेंटरकडून हॉलच्या भिंतीवर लिहून घेतला, 'चपला येथे काढा'च्या बरोबर खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, लाल रंगात. "आपल्या दारी आलेल्या मानसानं पानी मांगाव लागू नये, तसंच हे," असं ते येईल त्याला सांगायचे. माणूस उदार होता, यात शंका नाही. दुसऱ्याच्या अब्रूवर उदार होणं सोपं असतं, हे वैभवीला पुढं कळायचं होतं.

कॅमेरा तिचा स्वतःचा, फोनवरून मान फिरवता येणारा, बोललेलं ऐकवणारा. दिवसभर ती खाली बुकिंगच्या टेबलाशी बसायची आणि सहा-सात महिन्यांची लेक, छबी, वर झोळीत झोपायची. झोळीची दोरी, पंख्याचा वारा, उशाशी ठेवलेलं दुपटं, तोंडात जाईल असं काहीही. वैभवीच्या डोक्यात दिवसभर हेच फिरत असायचं. फोनमध्ये छबीची छाती वर-खाली होताना दिसली, की तिचा स्वतःचा श्वास सुटायचा. कॅमेऱ्याला तिनं वेगळा, अवघड पासवर्ड दिला होता. पण एक दिवस जानरावांना नात आपल्याही फोनमध्ये पाहायची हुक्की आली. तो पासवर्ड त्यांना टाकता येईना. झालं, प्रज्वलनं कॅमेऱ्यालाही तोच ठेवून दिला. भिंतीवरचा.

वैभवीनं बदलला. त्याच संध्याकाळी जानराव जेवेनात. "नात दिसत नाही बावा आज," म्हणून सुतकात बसल्यासारखे बसले. प्रज्वलनं पुन्हा पहिल्यासारखं केलं.

"भाऊजी, खाली पाचशे माणूस येतं. सगळ्यांना तो पासवर्ड माहीत आहे."

"तं काय झालं वैनी? आपल्या कॅमेऱ्यात पाहायले हाये काय? एक झोळी नं एक लेकरू."

रात्री हरीओमला सांगितलं, तर तो कूस वळून म्हणाला, "तू लय इचार करते. सव्वा महिना होऊ दे, आईच्या मनासारखं झालं, की मंग तुया मनासारखं करू." घराची हीच रीत होती. तिच्या मनासारखं नेहमी 'मग' व्हायचं.

मे महिन्यातली ती तीथ दाट होती, गावोगाव लग्नं. त्या दिवशीचं लग्न गोरज मुहूर्ताचं, वऱ्हाड मात्र दुपारीच उतरलेलं. बाहेर ऊन असं, की हायवेचं डांबर चपलेला चिकटावं. छबी रडायला लागली तशी वैभवी टेबल सोडून वर गेली. दार लावलं. कडी घातली, ती नीट बसली का ते ओढून पाहिलं. खिडकीचा पडदा सरकवला, त्याची फट चिमट्यानं बंद केली. कूलर लावला. मग भिंतीला टेकून पलंगावर बसली, पदर खाली टाकला आणि छबीला छातीशी घेतलं. दोघी घामाघूम. छबी एक हात वर करून तिच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत प्यायला लागली. दिवसभरातली तेवढीच घटका वैभवीचा जीव जागेवर असायची.

"वैनी."

तिला वाटलं, दाराबाहेर प्रज्वल आहे. "काय भाऊजी?"

"वैनी, थोडं इकडं फिरा नं."

आवाज दारातून नव्हता. खोलीतूनच होता. झोळीच्या वर, भिंतीवर, कॅमेऱ्याची गोल मान करकर करत वळली आणि तिच्याकडं पाहत थांबली. त्यातून हसण्याचा फसकारा आला, मग दबका आवाज, "चूप बे, चूप," आणि त्याच्याही मागून कोणीतरी ओरडलं, "अबे नवरदेवाचा फेटा कोठी ठेवला?"

तिनं आधी छबीला झाकलं. स्वतःला नाही, छबीला. मग उठून कॅमेऱ्याची तार अशी हिसडली, की भिंतीतला खिळाच बाहेर आला. छातीवरून ओढलेली पोर टाहो फोडून रडायला लागली. वैभवीचे हात आधी गार पडले. ब्लाउजचं बटण लागेना. एक लागलं, दुसरं लागेना. कधीपासून पाहत होते? आजच की मागच्या लग्नातही कोणी पाहिलं? काल ती इथंच लुगडं बदलत होती. परवा, तापलेल्या छबीला पोटाशी धरून, उघड्या अंगानं बसली होती. कडी, पडदा, चिमटा. तिनं चिमट्याकडं पाहिलं आणि हातांचा गारठा गेला. पायापासून डोक्यापर्यंत नुसता जाळ उठला.

छबीला कडेवर घेऊन ती जिना उतरली तेव्हा हॉलमध्ये सनईची टेप चालू होती. नवरदेवाच्या खोलीचं दार तिनं ठोठावलं नाही, लोटलं.

आत पाच-सहा पोरं गादीवर लोळत होती. एकानं फोन उशीखाली सारला. कोपऱ्यात नवरदेवाची आत्या, चंदाबाई, आहेराच्या साड्यांच्या घड्या घालत बसली होती.

"कोण बोललं मला?"

"काय झालं वैनी?" उशीवाला म्हणाला.

तोच आवाज. तिनं सरळ जाऊन उशी उचलली आणि भिंतीवर भिरकावली. "फोन दे."

"कायचा फोन? ओ, काय करून राह्यल्या तुमी?"

"माझ्या खोलीत डोकावलास तू. मी लेकराला पाजत होते. दे फोन!"

तिचा आवाज हॉलपर्यंत गेला. सनईच्या वर गेला. जानराव धावत आले, मागं हरीओम, रंगूबाई, प्रज्वल. दारात वऱ्हाड जमलं. काय झालं ते तिनं सांगितलं, सगळ्यांच्या समोर, एकाही शब्दाला पदर न लावता. आणि जानरावांनी हात जोडले. कोणाला? वऱ्हाडाला.

"पाहुने, मनावर घेऊ नका. पोरगी तापट हाये. पोरंसोरं हायेत, गंमत केली आसन. लग्न लागू द्या, मंग बसून बोलू."

"गंमत?" वैभवीनं सासऱ्याकडं पाहिलं. "बाबा, तुमच्या सुनेला उघडं पाहिलं यांनी."

"हळू बोल वं," रंगूबाई तिच्या कानाशी येऊन फुसफुसल्या. "आपलीच लाज चाललीये. अन् कॅमेऱ्यासमोर पाजाले बसाव कायले मी म्हंतो?"

वैभवीनं हरीओमकडं पाहिलं. तो तिच्याकडं न पाहता पुढं येऊन तिचा दंड धरत होता. "चल वर. मी पाहतो नंतर."

"नंतर," ती म्हणाली. "तुमचं 'नंतर' मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे. दंड सोडा." त्यानं सोडला. "आणि आई, मी माझ्या खोलीत बसले होते. कडी लावून. कुठं बसायचं होतं मी? ती भिंत तुम्ही पाचशे माणसाला उघडी करून दिली. मी पाया पडून सांगत होते, पाहुण्यांचं वेगळं करा, घरचं वेगळं करा. तुम्ही तिला कुंकू लावलंत!"

तिनं छबीला रंगूबाईंच्या हातात दिलं, गर्दीतून वाट काढत जिन्याखाली गेली, कपाट उघडलं आणि खोक्याची पिन उपटली.

एकदम काही झालं नाही. मग हॉलभर एकेकानं फोन वर करून पाहिला. "नेट गेलं." "अरे नेट गेलं नं बे." रंगूबाई वराच्या खोलीतल्या डबीकडं पाहत होत्या. निळा ठिपका विझला तशा त्यांनी छबीला घट्ट धरलं. "बाई बाई बाई, इझवलीच हिनं."

"वैनी, काय केलं हे!" प्रज्वल धावत आला. "लाइव चालू हाये! नवरदेवाची बहीन दुबईहून पाहून राह्यली!"

"तिला सांगा, आज पाहणं बंद आहे. तुमचा फोन द्या."

"मायावाला?"

"हो, तुमचाच. सगळ्या डब्यांची किल्ली त्यात आहे."

"वैनी, तुमाले नाही जमनार ते, लय..."

"प्रज्वल!" आजवर तिनं त्याला नुसतं नावानं कधी हाक मारली नव्हती. त्यानं फोन दिला.

ती बुकिंगच्या छोट्या ऑफिसात जाऊन बसली. मागोमाग चंदाबाई आली. एका हातात त्या पोराचं मनगट, दुसऱ्या हातात त्याचा फोन. आहेराच्या साड्या तशाच खांद्यावर. तिनं फोन टेबलावर ठेवला.

"माया मावसबहिनीचं पोट्टं हाये हे. उघड रे. दाखव बाईले."

पोरानं उघडला. काही सेकंदांची चित्रफीत होती. वैभवीनं ती सुरू केली नाही. काढून टाकली, मग काढलेलं जिथं साठतं तिथूनही काढली.

"कोणाला पाठवली?"

"नाही पाठवली. आईची शपथ."

"बाकीच्यांच्या फोनात?"

पोरगं खाली पाहायला लागलं. चंदाबाईनं त्याच्या थोबाडीत अशी ठेवून दिली, की बाहेर उभ्या बाया आत वाकून पाहू लागल्या. "जा, एकेकाले आन इथं. फोन घेऊन. नाही आले तं मी लग्नात उभी राहत नाही म्हनाव, आत्याबाई उठून चालली."

ते आले. एकेक करून टेबलाशी उभे राहिले, कान लाल, नजर जमिनीवर. कोणाच्या फोनात काही निघालं नाही. आता नव्हतं, की आधीच काढून टाकलं, की कुठं पोचवून मग काढलं, हे वैभवीला कधीच कळणार नव्हतं. हेच तिला सगळ्यात जास्त जाळत होतं. पासवर्ड बदलता येतो. पाहिलेलं कोणाच्या डोळ्यांतून परत घेता येत नाही. वर्षभरानं बाजारात कोणी पोरगं तिच्याकडं पाहून हसलं, तर ती काय समजणार होती?

तिनं पिन पुन्हा लावून घेतली आणि कामाला लागली. डब्या एकेक करून जाग्या होऊ लागल्या. पाहुण्यांसाठी एक जाळं, ज्यातून फक्त बाहेरचं जग दिसेल. ना घरातलं काही, ना एकमेकांचे फोन. घरासाठी दुसरं, वेगळ्या नावाचं, वेगळ्या पासवर्डचं. वरच्या मजल्याच्या डब्यांवरून पाहुण्यांचं जाळं काढूनच टाकलं. मग सगळ्यांची किल्ली प्रज्वलच्या फोनातून काढून स्वतःच्या फोनात घेतली. त्याचा फोन त्याच्या हातात ठेवला तेव्हा तो म्हणाला, "वैनी, मले ठेवलं नाही का आत?"

"नाही."

"काही बिघडलं तं?"

"मला सांगायचं."

जानराव दारात येऊन उभे राहिले. घसा खाकरला. "बेटा, गोरज होऊन राह्यली. लोकं इचारून राह्यले, नेट कवा येते."

"आलं की सांगते. आणि भिंतीवरचं ते पुसायला पेंटर बोलवा."

"पुसू नं. उद्या पुसू."

तिनं मान वर करून पाहिलं. जानराव बाहेर जाऊन ओरडले, "अरे हरीओम, कोठी हायेस? तो चुन्याचा डबा आन. अन् कुच्चा. आता आन." हरीओम डबा घेऊन हॉलमधून जाताना दिसला. आत यायचं धाडस त्याला झालं नाही. बरं झालं. आला असता तर ती काय बोलली असती, तिचं तिलाच माहीत नव्हतं.

तेवढ्यात रडणं ऐकू आलं. अर्ध्यावर तोडलेली भूक होती ती, मघापासून बोट चोखून थोपवलेली. रंगूबाई छबीला खांद्यावर थोपटत आत आल्या. तोंड फुगलेलं. ना माफी, ना काही. "पोरगी भुकेली हाये," एवढंच.

वैभवीनं हात पुढं केले. छबी तिच्या गळ्याला मिठी मारून, हुंदके देत, तोंडानं ब्लाउज शोधू लागली. आणि वैभवी थिजली. ऑफिसच्या काचेतून अख्खा हॉल दिसत होता. वर जायचं, तर उपटलेल्या खिळ्याचं ते भोक भिंतीत होतं. तिच्या हाताला पदर सापडेना.

रंगूबाईंनी हे पाहिलं. टेबलावरची चादर ओढून काचेच्या चौकटीत कोंबली. वायफायच्या डबीकडं एकदा संशयानं पाहिलं. "याच्यात कॅमेरा नाही नं?"

"नाही."

"पक्कं?"

"पक्कं, आई."

त्या बाहेर गेल्या आणि दार बाहेरून लोटून घेतलं. कडी बाहेरून नव्हती, म्हणून स्वतःच दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. त्यांच्या वजनानं दार किंचित आत दबलं. वैभवी खुर्चीत भिंतीकडं तोंड करून बसली, पदर घेतला, सोडला, पुन्हा घेतला. छबी लागली एकदाची. तिचे हुंदके पीत पीत कमी होऊ लागले.

बाहेर पावलं आली. कोणा पुरुषाचा घाईचा आवाज. "मावशी, आत बाई हाये नं? नेटचा नवा पासवर्ड पाह्यजे होता. मंगलाष्टकं सुरू होऊन राह्यले."

"थांब!" रंगूबाई कडाडल्या. "लेकरू पेऊन राह्यलं."

"पन मावशी, दुबईवाले..."

"दुबईवाल्याले म्हनाव थांब! लेकरू पेऊन राह्यलं म्हनलं नं? सरक मांगं. आनखीन मांगं."

पावलं मागं गेली. वैभवीनं डोळे मिटले. तिनं कोणालाही माफ केलेलं नव्हतं. सासूला नाही, नवऱ्याला तर नाहीच. राग छातीत होता तसाच होता. पण छबीनं मुठीत तिचं बोट धरलं होतं आणि तिचं पोट भरेपर्यंत ते दार उघडणार नव्हतं. बाहेर मंगलाष्टकांचा पहिला सूर लागला.